किरकोळ दुरुस्तीचा परवाना

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी घर शिकवावं लागायचं. बाहेरचं दार उघडायचं तर कडी वर उचलायची आणि गुडघ्यानं ढकलायचं. न्हाणीघराचं दार आतून लावायचं नाही; लावलंच, तर बाहेरून कुणी फटीत चमचा घालून सोडवेपर्यंत आत बसायचं. स्वयंपाकघरातल्या नळाला सुतळी बांधलेली आणि ती खिडकीच्या गजाला अडकवलेली. सुतळी सैल केली की पाणी, ताणली की बंद. पंख्याचं बटण दाबल्यावर भिंतीवर एक चापट मारायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

आणि हे घर कुणाचं? आमच्या भागातल्या सगळ्यात नावाजलेल्या मिस्त्रींचं. म्हणजे यांचं.

यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. नळ गळो, दार घासो, कपाटाची बिजागरी निखळो, की यांना बोलावणं आलंच. लोकांच्या घरी यांचं काम म्हणजे देखणं काम. यांनी बसवलेलं दार एका बोटानं मिटतं आणि मिटताना चकार आवाज करत नाही. पण स्वतःच्या घरी विचारलं की एकच उत्तर, "तात्पुरतं केलंय गं. सवडीनं नीट करू." तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. हा संसार मीही तात्पुरताच धरला असता तर एव्हाना सुटले असते.

चिडून बोलते, पण एक खरं सांगते. यांना काम करताना बघावं. भिंतीला भोक पाडायच्या आधी हे तळहात भिंतीवर ठेवून क्षणभर गप्प उभे राहतात, डॉक्टर पोट तपासतो तसे. ओठांत दोन स्क्रू, कानावर पेन्सिल. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीनं वॉशर कापतात, तो बाजारातल्या वॉशरपेक्षा जास्त टिकतो. कितीही भांडण झालेलं असो, हे पाना हातात घेऊन बसले की माझं लक्ष तिकडेच जातं आणि राग कुठल्या कुठे जातो. या हातांनी मला आयुष्यभर फसवलंय.

आमची एकुलती एक लेक, टिचकी. हे तिचं टोपणनाव, आणि ते का पडलं तेही सांगते. रांगायची थांबली तशी ती यांच्या मागे हिंडायला लागली आणि यांचं बघून प्रत्येक भिंतीवर टिचक्या मारून ऐकायची, कुठं पोकळ, कुठं भरीव. पुढं शिकली, परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं आणि लांबच्या शहरात मोठमोठ्या इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत लागली. तिथं तिला बूट मिळाले, हेल्मेट मिळालं आणि गळ्यात फोटोचं ओळखपत्र. बापाचा हात आणि कंपनीची शिस्त अशी दोन्ही तिच्यात उतरली. मला वाटायचं, चला, एकीचं तरी मार्गी लागलं.

मग तो गेटचा प्रकार झाला. एके दिवशी हे अवजारांची पिशवी घेऊन कामाला गेले ते अर्ध्या तासात परत. पिशवी टेबलाखाली सरकवली आणि "काम रद्द झालं" म्हणून पेपर उघडून बसले. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं जात नव्हतं. खरं काय ते मला शेजारणीकडून कळलं. नवा नियम आला होता. मोठ्या इमारतींत दुरुस्तीला येणाऱ्याकडे परवाना हवा. वॉचमन बिचारा ओळखीचाच. "मिस्त्री, तुम्ही बसवलेलं दार रोज उघडतो मी, पण परवाना बघितल्याशिवाय सोडू नका म्हणून वरून आलंय," असं म्हणाला म्हणे. हे तसेच मागे फिरले. त्यानंतर एकेक करून बाकीच्या इमारतीही यांना बंद झाल्या. मीच फोनवर लेकीला सांगितलं आणि सांगताना मला रडू आलं.

आठवडा सरायच्या आत ती दारात उभी. कंपनीतून बिनपगारी रजा काढून आली होती. म्हणाली, "परवाना मी काढते. धंदा इथूनच करायचा, बाबा आणि मी. रजेत जमलं तर इथं राहीन. नाही जमलं तर परत जावं लागेल, ते लोक जागा फार दिवस धरून ठेवणार नाहीत."

परवान्याचं नाव 'किरकोळ दुरुस्ती'. टिचकीनं नियमांची पुस्तिका आणली आणि जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवायला लागली. किरकोळ म्हणजे काय, यावर कुणीतरी फार डोकं चालवलेलं होतं. नळाचं वॉशर बदलायचं, पण भिंतीतला पाईप बदलायचा नाही. दार बसवायचं, पण दारासाठी छताचा भार घेणारी भिंत फोडायची नाही, त्याला वेगळी परवानगी. बल्ब लावायचा, पण विजेच्या मेन बोर्डाला हात लावायचा नाही, ते परवानाधारक वायरमनचं काम. गॅसच्या नळीकडे तर बघायचंसुद्धा नाही.

"म्हणजे रोग्याचा घाम पुसा, नाडी धरू नका," हे म्हणाले.

"नाडी धरणारा वेगळा असतो बाबा. त्याची परीक्षा वेगळी असते."

"आणि मी इतकी वर्षं धरली ती?"

टिचकीनं पान उलटलं. अर्ज तिच्या नावानं होता, कारण प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. यांच्याकडे कसलाच कागद नाही, म्हणून यांचं नाव खाली, मदतनीस म्हणून. ते ऐकल्यावर यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी हिचा मदतनीस? हिला पाना कुठल्या बाजूनं धरायचा ते मी शिकवलं!" दिवसभर धुसफूस चालली. संध्याकाळी बघते तर हे अंगणात बसून अवजारांची पिशवी तेल लावून पुसतायत आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला सांगतायत, "आम्ही बाप-लेक धंदा काढतोय. रीतसर."

धंदा घरातून चालणार म्हणून आधी घराची तपासणी. तपासणीला परवान्याच्या कचेरीतून एक मॅडम येणार होत्या. आल्या, दार वाजवलं, ढकललं, उघडलं नाही. घरात कुणी नाही असं समजून निघाल्या. मी भांडी टाकून रस्त्यावर त्यांच्या मागे पळाले, हाका मारत. तरुण मुलगी होती, साधे कपडे, हातात फाईल आणि खिशात छोटी बॅटरी. परत आल्यावर मी कडी उचलून गुडघा मारला तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

मग त्या हात धुवायला गेल्या.

"हे काय आहे?"

"नळ," मी म्हटलं.

"नळ दिसतोय. हे काय?"

"सुतळी."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला कमी राग आला असता. त्यांनी पंखा लावायला सांगितलं आणि हे सवयीनं भिंतीला चापट मारायला उठले. टिचकी जमिनीकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. मॅडमनी फाईल मिटली. "आजच्याला एवढं पुरे. लोकांची घरं दुरुस्त करायचा परवाना देताना हे घर बघून कसा द्यायचा, तुम्हीच सांगा. मी नापास करत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन आणि सगळं घर बघेन. त्या वेळी मात्र नाही जमलं तर अर्ज बंद होतो."

त्या गेल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, काल शाळेतून बाहेर पडलेली मुलगी आम्हाला शिकवते! टिचकी म्हणाली, "आई, ती बरोबर आहे." एवढं बोलून तिनं बाह्या सरसावल्या.

पुढचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. आधी तिनं नळाची सुतळी सोडली, तर वरची फळी खाली आली. गजावरून पुढं नेलेलं सुतळीचं दुसरं टोक यांनी फळीच्या खिळ्याला गुंडाळून फळी सावरली होती! फळी काढली तर मागं दाराच्या चौकटीत घातलेली पाचर दिसली, ती काढली तर दारच कलंडलं. सगळं घर एकमेकांच्या आधारानं उभं. कुणीही कपाळावर हात मारून घेतला असता. टिचकी मात्र ती पाचर हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाली, "आई, हे बघ तरी. एका पाचरीनं बाबांनी तीन गोष्टी धरून ठेवल्यात. आमच्या कंपनीतल्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं."

हे खुर्चीत फुगून बसले होते. ते ऐकून म्हणाले, "तीन बरोबर. फळी, दार आणि खिडकी. खिडकी मोजलीस ना?"

"मोजली."

मग बसवेना यांना. उठले. म्हणाले, "बिजागरी वरची आधी लावू नकोस, आधी खालची." ती म्हणाली, "कंपनीत वरची आधी लावतात." दोघांची जुंपली. शेवटी दोघांनी मिळून मधली आधी लावली, आणि दार बसलं ते असं बसलं की मी उगाचच चार वेळा उघडून मिटून बघितलं. न्हाणीघराची कडी नवी झाली. नळ दोन बोटांनी फिरायला लागला. पंख्याचं बटण टिचकीनं बदललं. तेवढं तिच्या हद्दीत बसतं, पुस्तिका उघडून खात्री करूनच हात लावला तिनं. नियमाच्या आतलं काम तिनं जीव तोडून केलं आणि नियमाबाहेर एक तारही हलवली नाही. ती वाकून काम करत होती आणि हे तिच्यामागे उभे राहून बघत होते. मी जशी यांच्याकडे बघते तसेच बघत होते.

राहिला तो बोर्ड.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा मेन बोर्ड यांनी स्वतः बनवलेला. लाकडाच्या फळीवर सगळी बटणं, फ्यूज, वायरींची गुंतवळ, आणि प्रत्येक बटणाखाली तेलरंगानं यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'माजघर', 'न्हाणी', 'हिचा रेडिओ', 'टिचकीची खोली'. त्या बोर्डावर यांचा फार जीव. टिचकी म्हणाली, "बाबा, वायरमनला बोलवावं लागेल. याला मी हात लावू शकत नाही."

"माझ्या घरात? मी बनवलेल्या बोर्डाला दुसरा माणूस हात लावणार? लोक काय म्हणतील, मिस्त्रीकडे मिस्त्री आला?"

"वायरमन, बाबा."

"तेच ते. काही होत नाही त्याला. चालतोय ना इतकी वर्षं?"

तिनं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा यांचा चेहरा बघून गप्प झाली. मला म्हणाली, "त्या गेटवरून परत आले तेव्हा असेच दिसत असतील ना गं? मी नाही बोलणार त्यांना आता." तपासणीच्या दिवशी सकाळी यांनी काय करावं? खोलीतला आरसा काढून आणला आणि बोर्डावर टांगला. मी हात टेकले.

मॅडम आल्या. दार बोटानं उघडलं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. न्हाणीघराची कडी तीनदा लावून बघितली. नळ फिरवला. पंखा लावला आणि यांच्या हाताकडे बघत थांबल्या. यांनी हात मागे बांधले होते. "छान काम झालंय," त्या टिचकीला म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात त्या स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर थांबल्या.

"स्वयंपाकघरात आरसा?"

"मी स्वयंपाक करताना नटते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पिठाच्या हातांकडे आणि विस्कटलेल्या केसांकडे बघितलं, आणि आरसा अलगद उचलून बाजूला ठेवला. बॅटरी लावून बोर्डाच्या फटीतून बराच वेळ बघत राहिल्या. मग बॅटरी बंद केली, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मी आधी नियम सांगते आणि मग विचारते, म्हणजे कुणाला फसवल्यासारखं होणार नाही. मेन बोर्डाचं हे काम विनापरवाना झालंय. ते अर्जदारानं केलं असेल तर अर्ज आज रद्द. त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, त्यामुळे काही वर्षांनी त्यांना पुन्हा अर्ज करता येईल. घरातल्या दुसऱ्या कुणी केलं असेल तर वायरमनकडून बदलून घ्या, परवाना देईन. पण करणाऱ्याची नोंद होते, आणि प्रमाणपत्र नसलेल्या माणसाची नोंद पुसली जात नाही. त्याला कुणाच्याही परवान्यावर मदतनीस होता येत नाही. कामावर जाता येत नाही. कधीच." मग त्यांनी विचारलं, "हे कुणी केलंय?"

आधी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "आम्ही घर घेतलं तेव्हापासूनच आहे हो हे. आधीच्या मालकानं केलेलं."

मॅडमनी बोर्डावर बोट ठेवलं. "'हिचा रेडिओ' आधीच्या मालकानं लिहिलं?"

मी हाताचं पीठ झटकायला लागले.

"मी केलंय," टिचकी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचा आवाज एकदम सरळ होता. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं नाही. "नीट विचार करून सांगा. तुम्ही असं म्हणालात तर मला लिहावं लागेल."

"विचार केलाय. मी केलंय. लिहा."

मला कळलं तिचं गणित. तिला कंपनीत जागा होती, परत जाता येत होतं, काही वर्षांनी पुन्हा अर्ज करता येत होता. यांना मात्र यानंतर कुठलंच गेट उघडणार नव्हतं. त्या क्षणी मला दोघांच्याही कानाखाली आवाज काढावासा वाटला. एकानं आरसा टांगावा आणि दुसरीनं त्यापायी स्वतःचं सगळं पाण्यात घालावं! मी यांच्याकडे बघितलं. हे बोर्डाकडे बघत होते.

"मॅडम," हे म्हणाले, "ते खालचं अक्षर वाचा. 'टिचकीची खोली'. मी ते लिहिलं तेव्हा हिला अक्षरओळखसुद्धा नव्हती. माझ्या कडेवर होती ती, आणि ब्रशला हात मारत होती. त्या 'ख'चा पाय वाकडा झालाय ना, तो तिच्यामुळे."

"बाबा, गप्प बसा," टिचकी म्हणाली.

"तूच गप्प बस. खोटं बोलायला मी तुला शिकवलेलं नाही." मग मॅडमकडे वळून, "बोर्ड माझा आहे. फळीपासून शेवटच्या तारेपर्यंत. अर्थिंग नाहीये त्याला, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तात्पुरता म्हणून लावला होता. माझं नाव लिहा."

"तुम्हाला नियम कळला ना, काका? नोंद कायमची असते."

"कळला. तुम्ही नीट सांगितलात."

मॅडमनी टोपण काढायला बराच वेळ घेतला. लिहून झाल्यावर कागद पुढे केला. यांनी सही केली, बोर्डावरच्यासारख्याच वळणदार अक्षरात. टिचकी भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. मॅडम उठताना यांना म्हणाल्या, "मी हे काम सुरू केल्यापासून पुष्कळ घरं बघितली. सगळी बोटं दुसऱ्याकडे दाखवणारी. आज पहिल्यांदाच घरात दोन माणसं स्वतःकडे बोट दाखवत भांडताना बघितली." मी आयत्या वेळी उठून चहा टाकला. राग धरायला माझ्याकडे कुणी उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. यांनीच दार उघडलं, यांनीच त्याला स्टूल दिलं. त्यानं बोर्ड उतरवला तेव्हा मागच्या बाजूला एक जोड दिसला, काळा पडलेला, वरचं आवरण वितळून गेलेलं, लाकडावर जळल्याचा डाग. "हे पेटायला फार दिवस लागले नसते, मिस्त्री," तो म्हणाला. त्या भिंतीच्या पलीकडे टिचकीची खोली. हे त्या डागावर बोट ठेवून किती तरी वेळ उभे होते. मग म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात." कुणाही कारागिराला हे असं म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना पुस्तिका यांनी स्वतः मागून घेतली आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले.

परवाना आला. हातात मावेल एवढं कार्ड, टिचकीचा फोटो, नाव, नंबर. खाली 'मदतनीस' लिहिलेलं आणि त्यापुढं आडवी रेघ. तिनं त्या रेघेवर अंगठा ठेवूनच कार्ड यांना दाखवलं. यांनी तिचा अंगठा बाजूला केला, रेघ बघितली आणि म्हणाले, "फोटो चांगला आलाय." कंपनीला तिनं येत नाही म्हणून कळवलं.

पहिल्या कामाला ती निघाली तेव्हा हे वळणापर्यंत तिच्यासोबत गेले. तिकडून परत येऊन खुर्चीत बसले आणि हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. मला ते बघवेना. मी मुद्दाम म्हटलं, फडताळाचं दार घासतंय, बघता का? बघायला गेले, म्हणाले, "घासत नाही. उगाच सांगतेस." खरंच घासत नव्हतं. आता या घरात काहीच घासत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. यांचं जुनं गिऱ्हाईक, मोठ्या आवाजाचा माणूस. मला इथून शब्दन् शब्द ऐकू येत होता. "मिस्त्री, आमचा बोर्ड तडतडतोय हो. तुम्ही येऊन जा. गेटचं मी बघतो, पाहुणे म्हणून नाव लिहितो तुमचं. पिशवी माझ्या गाडीतून आणू. कुणाला कळतंय?"

यांचा उजवा हात आपसूक टेबलाखाली गेला, जिथं पिशवी असायची. पिशवी तिथं नव्हती, ती टिचकीच्या खांद्यावर गेली होती. मला वाटलं, जातोय हा माणूस. यांच्या हाताला काम हवं होतं, समोरून आलं होतं, आणि खरंच, कुणाला कळणार होतं?

"नाही येणार," हे म्हणाले. "आणि तुम्ही आधी मेन बंद करा. आत्ता, माझ्याशी बोलता बोलता करा. केलात? आता वायरमनचा नंबर देतो तो घ्या. बोर्डाला तोच हात लावील. दुसरं काही असेल, दार, नळ, फळी, तर माझ्या मुलीला बोलवा. तिला बोर्डाचं काम सांगूसुद्धा नका, ती करणार नाही."

"अहो, इतकी वर्षं तुम्हीच करत आलात की! मुलीला कशाला? तुम्हाला काय झालंय? तुम्ही आता करता तरी काय?"

हे खुर्चीत जरा सरळ झाले.

"मी?" हे म्हणाले. "मी परवानाधारकाचा बाप आहे."